भट्टीवर हसणारी भडभुंजीण

फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका, ज्यांनी मागे सांगितली त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या काळी राजे होते, पण राजांचं या गोष्टीत काही काम नाही. काम आहे ते एका भट्टीचं आणि तिच्यापुढे उभ्या राहिलेल्या एका बाईचं.

नदीकाठी एक गाव होतं. गावाच्या कडेला चिंचेखाली भडभुंज्याची भट्टी होती. मातीचा ओटा, त्यात बसवलेली खोल कढई, कढईत काळी रेती आणि खाली तुराट्यांचा जाळ. रेती तापली की तीत दाणे टाकायचे, लांब दांड्याच्या झाऱ्याने हलवायचे, आणि फुटले की उपसून चाळणीत घ्यायचे. कुणाला फुटाणे हवे असत, कुणाला चुरमुरे, कुणाला ज्वारीच्या लाह्या. जो तो आपलं धान्य घेऊन यायचा आणि भाजणावळ म्हणून त्यातलंच ओंजळभर ठेवून जायचा.

भडभुंजा उंच, धिप्पाड आणि गप्प होता. त्याचा बापही तसाच. त्या घराण्याचा एक नियम होता. भट्टीवर बोलायचं नाही, गायचं नाही, आणि हसायचं तर मुळीच नाही. भट्टीवर दात दिसले की दाणा रुसतो, असं ते मानत. रुसलेला दाणा फुटत नाही, तसाच टणक राहतो. अशा दाण्याला गणंग म्हणतात. पाटीभर लाह्यांत मूठभर गणंग निघाले की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. म्हणून तीन पिढ्या त्या भट्टीवर कुणी हसलं नव्हतं.

एका फाल्गुनात भडभुंजा तापाने गेला. मागे राहिली त्याची बायको धुरपदा. एक लेक होती, ती लांब नांदत होती.

तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी धाकटा दीर सटवाजी चावडीवर जाऊन बसला. हा सटवाजी पोरवयातच धुराला कंटाळून भट्टी सोडून गेलेला. आता गुरांची दलाली करत बाजार फिरायचा. त्याला भट्टी चालवायची नव्हती. परगावच्या एका माणसाला ती देऊन घरबसल्या धान्य घ्यायचं होतं. पण चावडीवर तो हे बोलला नाही. तो म्हणाला की मला वहिनीची काळजी वाटते. बाईमाणसाने चाळण धरावी, झारा धरू नये. त्या जाळापुढे वहिनी चार महिने टिकणार नाहीत.

काळजी करणारे असे लगेच उगवतात. जाळ घालायच्या वेळी त्यांतलं एक दिसत नाही.

पाटलाने धुरपदाला बोलावून तिचं म्हणणं विचारलं. ती म्हणाली, "बारा वर्षं चाळण धरली. झाऱ्याला काय वेगळे हात लागतात?"

पाटील माणूस बरा, पण कुणालाच दुखवायचं नाही असा स्वभाव. त्याने मधली वाट काढली. नागपंचमीला घरोघर नागाला लाह्या वाहतात, आणि त्या दिवशी गावात कुणी काही भाजत नाही. तेव्हा आदल्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत गावातल्या प्रत्येक घरात या भट्टीच्या लाह्या पोचल्या पाहिजेत. पोचल्या तर भट्टी कायमची धुरपदाची. एक घर जरी राहिलं, तर भट्टी सटवाजीची.

धुरपदाने पदर खोचला आणि दुसऱ्याच दिवशी भट्टी पेटवली.

आता तिची चूक ऐका. ही चूक आळशी बाया करत नाहीत, कष्टाळू बायाच करतात. तिने भट्टी हातात घेतली खरी, पण नवरा चालवायचा तशीच चालवायला घेतली. झारा त्याचाच. दांडा इतका लांब की तिला कोपर कानापर्यंत न्यावं लागे. नियम त्याचाच. फार काय, तोंडही त्याचंच लावलं. तिला वाटलं, मालक म्हणजे कपाळावरची आठी. आठी नसली तर लोक म्हणतील बाई खेळ मांडून बसलीय. म्हणून ती नवऱ्याहून जास्त गप्प झाली, नवऱ्याहून जास्त कडक. दिवसभर बसायची नाही. भाकरी उभ्याने खायची, तीही जाळाकडे बघत.

हाताखाली दोघी होत्या. जाळ घालायला कोंडाबाई, वयाने म्हातारी, कंबरेत वाकलेली, पण हात अजून घट्ट. चाळणीला साळू, नवऱ्याने टाकलेली, तोंडाची तिखट. एकदा एका खारीने चाळणीतला फुटाणा पळवला आणि तो गरम लागला म्हणून ती उड्या मारायला लागली. साळूला हसू फुटलं. धुरपदाने असं पाहिलं की साळूचं हसू तिथेच विझलं. त्या दिवशी गणंग नेहमीइतकेच निघाले, पण धुरपदाने ते साळूच्या हसण्यावर घातले.

वैशाख गेला, ज्येष्ठ आला. काम चोख होत होतं, लोक नावं ठेवत नव्हते. आणि धुरपदाला सकाळी उठवत नव्हतं. ज्या खमंग वासाने वाटेवरचा माणूस थांबायचा, त्या वासाने ती पदर नाकाला लावायची. बाई मालकीण झाली आणि मोलकरणीहून वाईट दिवस काढायला लागली. आधी निदान दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडता येत होती. आता कुणाच्या नावाने मोडणार?

एका दुपारी साळूने चाळण खाली ठेवली आणि ती उभी राहिली. म्हणाली, "मालकीणबाई, मी खुरपायला चालले. तण उपटताना निदान बोलता येतं." आणि गेली.

धुरपदा पहिल्यांदा ओट्यावर बसली. कोंडाबाई जाळ मागे ओढत होती. धुरपदा तिला म्हणाली की सटवाजीला निरोप धाडते, घेऊन जा म्हणते तुझी भट्टी. नागपंचमीपर्यंत माझ्याने होत नाही.

कोंडाबाई तीन महिन्यांत दहा शब्द बोलली नसेल. ती म्हणाली, "आणि झालं तर? मिळाली भट्टी, तर असंच तोंड करून जन्मभर उभी राहशील?"

हे धुरपदाच्या मनात आलंच नव्हतं. ती हरायला भीत होती. जिंकल्यावर काय मिळणार आहे, ते तिने एकदाही पाहिलं नव्हतं. जिंकून मिळणार होतं ते हेच: हा धूर, ही मुकी दुपार, हा दुखरा खांदा, आणि तेही मरेपर्यंत. मग कशाला जिंकायचं?

दुसरी कुणी असती तर रडली असती. धुरपदाला राग आला. ती उठली, बांधाबांधाने गेली आणि साळूला खुरपणीतून ओढून आणायला लागली. साळू म्हणाली, बोलू देशील तर येते, नाहीतर इथेच बरी. धुरपदा म्हणाली, बोल, हस, नाच. दाणा रुसला तर मी त्याची समजूत काढीन.

आणि दुसऱ्या दिवशी भट्टीवर तीन पिढ्यांचं कुलूप उघडलं. साळूने सासरच्या अशा नकला केल्या की कोंडाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. धुरपदा हसून हसून झाऱ्यावर ओणवी झाली. असा दिवस त्या चिंचेने पाहिला नव्हता. आणि हसणं थांबलं तेव्हा कढईतून काळा धूर येत होता. पाटलाच्या घरचा पायलीभर मका जळून कोळसा झाला होता.

बातमी जाळाआधी गावात पोचली. सटवाजी मुद्दाम वाट वाकडी करून आला. चाळणीत डोकावला. "वहिनी, लाह्या भाजायच्या होत्या की गप्पा?" एवढंच म्हणाला आणि मिशीत हसत गेला. गावात जो तो म्हणायला लागला की जुनी माणसं उगाच सांगत नव्हती. बाया हसल्या, दाणा रुसला.

धुरपदाने आपल्या घरचा मका पाटलाकडे भरून दिला. घरी येऊन ती विचार करत बसली. साळूने तर सरळ सांगितलं की मी आपली खुरपायला जाते, माझ्यामुळे तुझी भट्टी जायला नको. पण धुरपदाला एक गोष्ट पटेना. दाण्याला ना कान ना नाक. तो रुसेल कशाने? आणि रुसतो म्हणजे फुटत नाही, असं घराणं सांगत आलं. हा तर फुटला होता. फुटून जळला होता. मग हे रुसणं कसलं?

सकाळी तिने दोघींना लांब बसवलं. रेती तापवली, मूठभर ज्वारी टाकली आणि डोळे मिटले.

आधी एक टिच्. मग जरा थांबून दुसरं. मग पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तडतडाट. मग गारा विरळ झाल्या. मग दोन आवाजांच्या मध्ये एक श्वास मावायला लागला. तिने झारा घातला. चाळणीत पाहिलं तर लाही पांढरीशुभ्र आणि गणंग औषधालाही नाही. पुन्हा टाकली. या वेळी जरा आधी काढली, तर अर्धे गणंग. पुन्हा टाकली. एक श्वास उशीर केला, तर कडा करपल्या.

तेव्हा तिला कळलं. आजेसासरा गप्प बसायला सांगायचा, कारण भट्टी डोळ्याने चालत नाही, कानाने चालते. धुरात दिसतं काय? त्याला ऐकायचं असायचं. पण का गप्प बसायचं ते त्याने पोराला सांगितलं नाही. पोराने फक्त गप्प बसणं उचललं, वर आठी घातली आणि दाण्याच्या नावावर खपवलं. आणि तीन पिढ्या घरातल्या बायांनी तोंड शिवून घेतलं, कारण कुणा म्हाताऱ्याला एक वाक्य जास्त बोलायचा कंटाळा होता.

धुरपदा ओट्यापाशी उभी राहून एकटीच हसायला लागली. रेती नुसती तापत होती, कढईत दाणा नव्हता. हसल्याने काहीच जळलं नाही.

आणि त्याहून मोठी गोष्ट तिला त्या सकाळी कळली. तो आवाज ऐकायला तिला फार गोड लागला होता. बारा वर्षं ती भट्टीपाशी गप्प उभी होती, पण भीतीने गप्प होती. भ्यालेल्या माणसाला काही ऐकू येत नाही.

त्या दिवसापासून धुरपदाने भट्टी आपल्या रीतीने लावली. रेती तापेपर्यंत वेळच वेळ असतो. त्या वेळात बोला, भांडा, सासूला नावं ठेवा. दाणा पडला की चिडीचूप. मग सगळ्यांनी डोळे मिटायचे, आणि आता काढावा असं वाटलं की हात वर करायचा. जिचा हात बरोबर वेळेला वर गेला, तिने पुढचं भाजण होईतो चिंचेच्या मुळावर वाऱ्याला बसायचं. जिचा चुकला, तिने तिला पाणी आणून द्यायचं आणि सासरची एक गोष्ट सांगायची. खोटी चालणार नाही. साळूने पहिले आठ दिवस मुद्दाम हात चुकवला, एवढ्या तिच्या गोष्टी तुंबल्या होत्या. म्हातारी कोंडाबाई मात्र एकदाही चुकली नाही. तीस वर्षं जाळ घालता घालता तिचे कान तयार झाले होते. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

हरभरा फुटताना वेगळा बोलतो, मका वेगळा, भात वेगळा. पुढे पुढे त्या कढईकडे पाठ करून बसत आणि नुसत्या आवाजावरून कुणाच्या घरचं धान्य, जुनं की नवं, कोरडं की दमट, ते सांगत. गणंग इतके कमी झाले की ते टिपायला येणाऱ्या चिमण्या दुसरीकडे जायला लागल्या.

भाकरीच्या वेळी धुरपदा आता बसून खायची, ताज्या लाह्यांवर तिखट-मीठ घेऊन. आणि एक दिवस तिने कुऱ्हाड आणली, नवऱ्याचा झारा दगडावर ठेवला आणि त्याचा दांडा हातभर तोडला. कोंडाबाईने डोळ्यांवर हात घेतले. धुरपदाने झारा फिरवून पाहिला. खांदा न उचलता तो कढईच्या तळापर्यंत गेला. ती म्हणाली की माणूस चांगला होता, पण उंच होता. त्याची उंची मला का दुखावी?

गावाला हे सोसलं नाही. नवऱ्याचा झारा तोडला म्हणजे काय? सटवाजीने तर ते चार बाजारांत सांगितलं. पण धान्य घेऊन येणाऱ्या बाया आता पाटी ठेवून परत जाईनात. आपलं भाजण होईतो त्या चिंचेखाली बसत आणि डोळे मिटून हात वर करत. घरी कुणी विचारलं की उशीर का झाला, तर सांगत की भट्टीवर गर्दी होती. ते खोटंही नव्हतं. गर्दी त्यांचीच होती.

असं करत श्रावण लागला. नागपंचमी चार दिवसांवर आली आणि भट्टीपुढे पाट्यांची रांग लागली. त्या गर्दीत धुरपदाचं एकच चुकलं. घाई. तापलेली रेती उपसून नवी घालताना टोपलं कलंडलं आणि रेती तिच्या उजव्या हातावर पडली, बोटांपासून कोपरापर्यंत. त्या वेळी कुणी हसत नव्हतं, हे सांगून ठेवते, कारण गावात वेगळंच सांगितलं गेलं.

वैदूने लेप लावून हात फडक्यात बांधला आणि महिनाभर झारा धरायचा नाही म्हणून बजावलं. पाटील बघायला आला. मागे सटवाजी होताच. पाटील हळू आवाजात म्हणाला की झालं एवढं खूप झालं, अजून निम्मं गाव बाकी आहे, आता हट्ट सोडावा. सटवाजी म्हणाला की उद्याच माणूस आणतो, तो सगळं बघून घेईल.

धुरपदा वेदनेने घामाघूम झाली होती. ती म्हणाली, "हात भाजलाय पाटील. कान शाबूत आहेत."

आणि तिने झारा साळूच्या हातात दिला.

ती स्वतः ओट्याजवळ बसली. दाणा पडला की डोळे मिटायची आणि वेळ आली की म्हणायची, काढ. साळूचे हात दुपारी भरून आले, तेव्हा रांगेतली कुंभाराची सून पुढे झाली. ती थकली तेव्हा सुताराची बहीण. तोडलेला झारा कुणाच्याही हाताला बसत होता. आणि आवाज? तो तर सगळ्यांना पाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपदाला काढ म्हणायचीही गरज उरली नाही. तिने तोंड उघडायच्या आत झारा कढईत गेलेला असायचा. तिला भाड्याने माणसं लावावी लागली नाहीत, कुणाचे पाय धरावे लागले नाहीत. ज्या जागी मन रमतं, तिथे बाया बोलावल्याशिवाय येतात.

त्याच दुपारी रांगेच्या शेवटी एक बाई येऊन उभी राहिली. ओटीत काहीतरी बांधलेलं, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. धुरपदाने तिला चालीवरून ओळखलं. ती सटवाजीची बायको होती, धाकटी जाऊ अनसू.

अनसूने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. सटवाजीने घरात बजावलं होतं की यंदा आपल्या घरी लाह्या करायच्या नाहीत. एक घर राहिलं की भट्टी आपली. आणि राहणारं घर आपलंच असलं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातात काही नाही. हे ऐकून साळूच्या हातातली चाळण वाकडी झाली. आजूबाजूच्या बाया सटवाजीच्या सात पिढ्या काढायला लागल्या.

धुरपदाने विचारलं, "तू आलीस ते त्याला कळलं तर?"

अनसू म्हणाली, "अक्का, नागोबा माझ्याही उंबऱ्यावर यायचाय. आणि खरं सांगू? रोज रात्री भिंतीपलीकडच्या शेजारणी तुझ्या भट्टीवरच्या गोष्टी सांगून हसतात. मला एकदा झारा धरायचाय."

धुरपदाने तिला वाट करून दिली. अनसूने ओटीतली ज्वारी रेतीत टाकली. सगळ्या गप्प झाल्या. अनसूने डोळे इतके घट्ट मिटले होते की कपाळावर रेघा उमटल्या. तडतडाट झाला, विरळ झाला, कुणी तिला काही सांगितलं नाही. तिने तिच्या मनाने झारा घातला. लाह्या चाळणीत पडल्या तेव्हा ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्या फडक्यात बांधल्या आणि पदर पुन्हा नाकावर ओढून आली तशी गेली.

नागपंचमीचा आदला दिवस उजाडला. शेवटची पाटी दुपारी भाजून झाली. ऊन कलल्यावर गाव चिंचेखाली जमलं. पाटील एकेका आळीला विचारत गेला. कुंभारवाड्यात पोचल्या? पोचल्या. सुतारआळीत? पोचल्या. नदीकडच्या घरांत? कालच पोचल्या. वेशीबाहेरच्या वस्तीत? तिथेही पोचल्या. पाटलाच्या तोंडावर सुटका दिसायला लागली.

तेव्हा सटवाजी पुढे आला. म्हणाला, "माझ्या घरी लाह्या नाहीत. माझं घर गावातच आहे ना पाटील?"

सूर्य नदीपलीकडच्या टेकडीला टेकला होता.

साळूने धुरपदाला कोपराने ढोसलं. बोल ना. जिने जिने परवा अनसूला पाहिलं होतं, ती ती धुरपदाकडे बघायला लागली. धुरपदाला बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण रात्री सटवाजीच्या घरात ते वाक्य अनसूला निस्तरावं लागलं असतं. धुरपदा चार महिने या एका संध्याकाळसाठी जाळापुढे उभी होती. तिने ओठ मिटले. अनसू उभी होती त्या बाजूला तिने मानही वळवली नाही. भट्टी जायची तर जाऊ दे, पण दुसऱ्या बाईची पाठ पुढे करून मला ती राखायची नाही, असं तिने मनाशी ठरवलं. हे ठरवणं सोपं नव्हतं.

पाटलाने घसा साफ केला. म्हणाला, ठरलं होतं ते ठरलं होतं. एक घर राहिलं असेल तर—

"राहिलं नाही." अनसू पुढे आली. पदर आज कपाळापाशी होता, नाकाशी नव्हता. "आमच्या घरी लाह्या आहेत. शिंकाळ्यात ठेवल्यात. याच भट्टीवर भाजल्यात आणि माझ्या हाताने भाजल्यात."

सटवाजीचं तोंड उघडं राहिलं. मग तो तिच्या अंगावर ओरडला की खोटं बोलू नकोस, मला घरात एक लाही दिसली नाही.

अनसू म्हणाली, "लाह्या नागोबाच्या आहेत, त्या तुम्हाला कशाला दाखवू? तीन गणंग निघाले होते. ते काल सकाळी तुमच्या चिवड्यात घातले. तुम्ही म्हणालात, दाताखाली काय आलं."

आधी साळू हसली. मग कोंडाबाई. मग चिंचेखालचं सगळं गाव हसलं, आणि पाटील, ज्याला कुणालाच दुखवायचं नसायचं, तोही उपरणं तोंडाला लावून हसला. तीन पिढ्या जिथे दात दिसले नव्हते, तिथे दोनशे माणसं हसत होती. ओट्यावर पाटीभर लाह्या ठेवल्या होत्या. त्यांतली एकही रुसली नाही.

पाटलाने दोन माणसं धाडून शिंकाळं खाली काढवलं. लाह्या होत्या. सूर्य मावळायच्या आत त्याने चारचौघांत सांगितलं की भट्टी धुरपदाची, आणि यापुढे तिने ती कशी चालवावी हे सांगायला कुणी चावडीवर यायचं नाही. सटवाजी शेवटपर्यंत थांबला नाही. धुरपदा मात्र त्याच्या मागोमाग त्याच्या दारापर्यंत गेली, आणि कोंडाबाई, साळू, कुंभाराची सून, सुताराची बहीण, सगळ्या तिच्याबरोबर गेल्या. अंगणात नुसत्या उभ्या राहिल्या. सटवाजीने एवढ्या बाया एकदम पाहिल्या आणि अनसूला एक शब्द बोलायची त्याची छाती झाली नाही. त्या रात्री नाही आणि पुढेही नाही. पुढच्या आठवड्यापासून अनसू भट्टीवर यायला लागली. तिचा हात धुरपदाहून हलका निघाला.

परगावचा तो माणूस एकदा भट्टी बघायला आला होता म्हणतात. चिंचेखाली तीसेक बाया डोळे मिटून, हात वर करून बसलेल्या त्याने पाहिल्या. काय चाललंय ते त्याला कळेना. तो घाबरून आल्या वाटेने परत गेला.

धुरपदा म्हातारी होईपर्यंत त्या भट्टीवर उभी राहिली. कष्ट कमी झाले नाहीत. जाळ तेवढाच होता, धूर तेवढाच. पण सकाळी उठताना तिला कधी स्वतःला ढकलावं लागलं नाही.

या गोष्टीतून घरी न्यायचं ते एवढंच: काम आपलं असेल तर ते दुसऱ्याचं तोंड लावून करू नये, त्यातला आनंद आपल्याच कानाने शोधावा, कारण तो वरून शिंपडता येत नाही आणि दुसरं कुणी आणून देत नाही.